म्हातारपण, मेंदू आणि डोपामीन

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सर्रास वापरतो. वडीलधारा माणूस सावकाश उठू लागला, नाव आठवायला वेळ लावू लागला, की म्हण तयारच! पण वय वाढताना मेंदूत होते तरी काय?

मेंदूच्या एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी रसायने असतात. त्यांतले एक डोपामीन. हातपाय हलवणे, लक्ष ठेवणे, कामात गोडी वाटणे, या गोष्टी त्याच्यावाचून अडतात. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. हे औषध आपल्या सर्पगंधेच्या मुळीत सापडते. ससे निपचित पडले. मग डोपामीन ज्यापासून बनते तो एल-डोपा दिला, आणि ससे पुन्हा हिंडू लागले.

आता हे रसायन टपालवाला समजा. पत्र टाकायला पेटी हवी. तशी पेशीवर डोपामीन घेणारी ठिकाणे असतात. ती मोजण्यासाठी किरणोत्सारी कार्बन जोडलेले द्रव्य अत्यल्प प्रमाणात शिरेतून देतात. ते त्या पेट्यांना जाऊन चिकटते. हा कार्बन वीस मिनिटांत निम्मा होतो. त्यातून निघणारे किरण यंत्र टिपते, आणि कोठे किती पेट्या आहेत याचे चित्र उमटते. याला पेट तपासणी म्हणतात. १९८३ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे हेन्री वॅग्नर यांनी असे पहिले चित्र घेतले, तेही स्वतःच्याच मेंदूचे!

पुढच्याच वर्षी तेथे १९ ते ७३ वर्षांच्या माणसांची तपासणी प्रसिद्ध झाली. वयाबरोबर या पेट्या स्त्री-पुरुष दोघांतही कमी होतात, आणि पुरुषांत ही उतरण अधिक, असे दिसले. नंतरच्या काही अभ्यासांत निरोगी स्त्रियांची डोपामीन बनवण्याची क्षमता थोडी जास्त आढळली. काहींत फरक दिसलाच नाही. स्त्रियांच्या बीजकोशातील इस्ट्रोजेन डोपामीनचे काम वाढवते, असे प्राण्यांवरील प्रयोग सांगतात. पण पाळी थांबल्यावर ते ओसरते. म्हणून म्हाताऱ्या बाईच्या मेंदूचे अनुमान तरुणीवरून किंवा म्हाताऱ्या पुरुषावरून काढता येत नाही. तिची तपासणी वेगळीच केली पाहिजे.

गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे, की हा फरक सरासरीचा आहे. पुरुष सरासरीने उंच असतात. तरी गावात कितीतरी बायका कितीतरी पुरुषांहून उंच असतातच ना? तसेच हे. यावरून कोणाची बुद्धी मोठी, हे ठरत नाही.

मग आपल्याला उपयोग काय? वयाची ही घट सावकाश चालते आणि निरोगी माणूस तिच्यासह कामे करतो. कंपवात मात्र वेगळा. त्यात डोपामीन बनवणाऱ्या पेशीच मरतात. तो पुरुषांना बायकांच्या सुमारे दीडपट होतो; पण बायकांना होत नाही असे मुळीच नाही. हात स्वस्थ असताना थरथरणे, अंग ताठणे, पावले आखूड पडणे, अक्षर बारीक होत जाणे, ही त्याची लक्षणे. ती आजोबांत दिसोत की आजीत, ‘वयच झालं आता’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. या रोगावर औषध आहे, आणि ते औषध म्हणजे त्या सशांना उठवणारा एल-डोपाच!