नवी नौका, जुनी घडण

बेंगळुरूच्या आग्नेय अंगाला, कोरमंगलाकडून सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ओळखू येऊ नये इतका बदलला. शेतांच्या जागी संगणक कंपन्यांची संकुले उभी राहिली, त्यांच्या पाठोपाठ उंच निवासी इमारती आल्या आणि महाराष्ट्रातून, बेळगावकडून आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. या रस्त्यावर घर घेतलेल्या माणसाला एक गोष्ट निराळी शिकवावी लागत नाही. इमारतीचा रंग आणि प्रवेशद्वाराची शोभा पाहून सदनिका घ्यायची नसते. पाया कसा आहे, कागदपत्रे स्वच्छ आहेत काय आणि कोणत्या टप्प्याला किती रक्कम द्यायची आहे, हे आधी पाहायचे असते.

हेच शहाणपण एका अगदी वेगळ्या खरेदीलाही लागू पडते. घराचे हप्ते फिटले, मुले मार्गी लागली, की काही जणांच्या मनात एखादी जुनी हौस डोके वर काढते. स्वतःच्या शिडाच्या नौकेतून किनाऱ्या-किनाऱ्याने प्रवास करणे ही त्यांपैकीच एक. सर्जापूर रोडवर पाणी दिसते ते कैकोंड्रहळ्ळीसारख्या तलावांचे. समुद्रासाठी घाट उतरून पश्चिमेला जावे लागते. तथापि रात्रभराच्या प्रवासावर गोवा आहे आणि तेथे खोल समुद्रात जाणाऱ्या शिडाच्या नौका बांधल्या जातात. पारंपरिक घडणीची नवीकोरी नौका विकत घेऊ पाहणाऱ्याने काय पाहावे, याचे उत्तर मुंबई आणि गोवा येथे बांधलेल्या काही नौकांच्या इतिहासात सापडते.

मुंबईची 'सुहेली'

'सुहेली' ही ३२ फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची नौका. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत अधिकारी असलेले रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती मुंबईत बांधून घेतली आणि १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. अमेरिकन रेखाटनकार विल्यम ॲटकिन यांच्या 'एरिक' या आराखड्यावर ती बेतलेली होती. त्या आराखड्याचे मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचाव-नौकांत आहे. लाकूड सागवानी आणि हात भारतीय सुतारांचे.

या घडणीची वैशिष्ट्ये दोन. पहिले म्हणजे नाळेपासून मागील टोकापर्यंत जाणारा लांब तळकणा. त्यामुळे नौका सहजासहजी वाट सोडत नाही. दुसरे म्हणजे पुढच्या टोकाप्रमाणेच निमुळते असलेले मागचे टोक. पाठीमागून येणारी लाट त्यावर आदळून थांबत नाही. ती दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. अशी नौका वेगवान नसते. पण दमलेल्या नाविकाला ती सांभाळून घेते.

१४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन हे इंग्लंडमधील फाल्मथहून एकटेच निघाले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतले. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. ती पूर्ण करणारे ते एकटेच. वाटेत स्वयंचलित सुकाणू यंत्रणा निकामी झाली. तेव्हा शिडांचा तोल साधून नौका आपली आपण वाट धरू शकते, हे त्यांच्या प्रत्ययास आले. लांब तळकण्याचा हा लाभ होता.

परंतु याच प्रवासाने दुसरी बाजूही दाखवली. तळकण्याजवळच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत येऊ लागले. भर समुद्रात पाण्याखाली बुड्या मारून, सांध्यात कापूस भरून आणि त्यावर पत्रा ठोकून त्यांना ती गळती थांबवावी लागली. वरून पाहता 'सुहेली'त उणे काही दिसत नव्हते. दोष होता तो पाण्याच्या रेषेखाली, जेथे बंदरात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाची नजर जात नाही.

दिवाडी बेटावरील कारखाना

मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस या कारखान्यात ५६ फुटी 'म्हादेई' बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही मूळ कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. आराखडा नेदरलँड्सचा होता आणि बांधणी गोव्याची. कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात चार थांबे घेऊन ही प्रदक्षिणा पूर्ण केली. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये विनाथांबा प्रदक्षिणा केली.

ग्राहकाच्या दृष्टीने या हकिकतीतील महत्त्वाची गोष्ट प्रवासाच्या आधीची आहे. दोंदे यांनी तयार नौकेचा नुसता ताबा घेतला नाही. बांधणी चालू असताना ते कारखान्यात होते. ज्या सांध्यावर पुढे दक्षिण महासागरात भिस्त ठेवायची, तो सांधा त्यांनी उघडा असताना पाहिला होता. एकदा वरून थर चढले, रंग लागला, की त्याखालचे काम पुन्हा दिसत नाही.

'थुरिया'ची परीक्षा

याच कारखान्यातून ऑगस्ट २०१७ मध्ये 'थुरिया' पाण्यात उतरली. 'सुहेली'च्या आराखड्यावरच बांधलेली ही नौका म्हणजे नवे बांधकाम आणि जुनी घडण यांचा नमुना होय. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत टॉमी ती घेऊन उतरले. १ जुलै रोजी फ्रान्सहून निघालेली 'थुरिया' सप्टेंबरात तिसऱ्या क्रमांकावर होती. २१ सप्टेंबर रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, तिला वादळाने गाठले. नौका उलटीपालटी झाली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली.

ते उठू शकत नव्हते. सुमारे तीन दिवस ते नौकेत पडून होते आणि त्या अवस्थेत त्यांना तारून धरले ते 'थुरिया'च्या सांगाड्याने. शिडे गेली, काठ्या गेल्या, पण सांगाडा तरंगत राहिला. २४ सप्टेंबर रोजी 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाच्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. नौका मात्र समुद्रातच सोडावी लागली. पुढे टॉमी बरे झाले आणि २०२२ च्या शर्यतीत, दुसऱ्या एका नौकेतून, एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने परतले.

नौकेसाठी मोजलेल्या पैशातून नेमके काय विकत घेतले जाते, हे या घटनेतून कळते. चकचकीत पितळ, नक्षीदार कक्ष, नवी शिडे यांचे मोल आहेच. पण वाईट दिवशी उपयोगी पडतो तो न दिसणारा भाग. म्हणून पारंपरिक नौका पाहायला जाण्याची खरी वेळ ती सजून उभी राहिल्यानंतरची नव्हे, तर तिच्या फासळ्या उघड्या असतानाची.

पैसे केव्हा आणि कसे द्यावेत?

येथे सर्जापूर रोडवरील घराचा अनुभव पुन्हा कामी येतो. सदनिका घेणाऱ्याच्या पाठीशी स्थावर संपदा अधिनियम, २०१६ म्हणजे 'रेरा' आहे. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. बांधकामातील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यानंतर पाच वर्षे राहते. नौकेच्या खरेदीला हा कायदा लागू नाही. तेव्हा हे संरक्षण ग्राहकाने स्वतःच्या करारात लिहून घेतले पाहिजे.

रक्कम टप्प्यांनी द्यावी : तळकणा बसवल्यावर, सांगाडा पूर्ण झाल्यावर, वरचा तक्ता बसल्यावर, इंजिन व डोलकाठ्या उभ्या राहिल्यावर आणि शेवटचा हप्ता समुद्रातील चाचणीनंतर. प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र सर्वेक्षकाकडून तपासणी करून घ्यावी. आगाऊ रकमेपोटी कारखानदाराकडून बँक हमी मागणे यात अविश्वास नाही. व्यवहाराची ती रूढ रीत आहे. मालविक्री अधिनियम, १९३० प्रमाणे विशिष्ट वस्तूची मालकी उभय पक्षांना अभिप्रेत असेल त्या वेळी ग्राहकाकडे जाते. म्हणून अर्धवट नौका व तिच्यासाठी आणलेले सामान कोणत्या टप्प्यावर कोणाचे, हे करारात स्पष्ट असावे. काम मध्येच थांबले तर सारा प्रश्न याच एका कलमावर येऊन ठेपतो.

कराचाही विचार आधी करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या व क्रीडेच्या नौकांवर वस्तू व सेवा कराचा दर ४० टक्के आहे. उदाहरणादाखल, कारखान्याने ५० लाख रुपये किंमत सांगितली तर कराचे २० लाख धरून रक्कम ७० लाखांवर जाते. सांगितलेली किंमत करासह की कराविना, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

खरेदीनंतरचा खर्च

नौका पाण्यात उतरली, की खर्च संपत नाही, सुरू होतो. नांगरून ठेवण्याची जागा, राखणदार, दरवर्षीची तळाची सफाई व रंग, शिडे-दोरांची दुरुस्ती आणि सागरी विमा हे सारे वार्षिक अंदाजपत्रकात धरावे लागते. विमापत्रात कोणत्या सागरी हद्दीपर्यंत संरक्षण आहे आणि नौका सोडून द्यावी लागल्यास भरपाई मिळते काय, ही दोन कलमे बारकाईने वाचावीत. नदी-खाडीत फिरणाऱ्या नौकांना अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो, तर समुद्रातील नौकांचे नियम वेगळे आहेत. म्हणून नोंदणी कोठे व कोणी करायची, हेही करारातच ठरवावे.

शिवाय लाकडी नौका वापराविना कोरडी ठेवून चालत नाही. 'सुहेली' काही काळ ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात होती. तेथील कोरड्या हवेने तिच्या फळ्या आकसू लागल्या. तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला बाहेर काढून दुरुस्त केले आणि पुन्हा पाण्यात उतरवले. बेंगळुरूत राहून वर्षातून एकदाच किनाऱ्यावर जाणाऱ्याने ही हकिकत लक्षात ठेवावी. त्याच्यासाठी दोघा-तिघा स्नेह्यांनी मिळून, खर्चाचे व दिवसांचे लेखी वाटप करून घेतलेली नौका अधिक सोयीची ठरते. घर पुन्हा वाढते कर्ज काढून किंवा आजारपणासाठी ठेवलेल्या ठेवी मोडून ही हौस करू नये. नौकेची किंमत वर्षागणिक उतरते. ती गुंतवणूक नव्हे.

हे सारे हिशेब मांडून झाल्यावरही ज्याची इच्छा टिकून राहते, त्याच्या खरेदीचे महत्त्व त्याच्यापुरतेच राहत नाही. नौदलाने मागणी नोंदवली म्हणून दिवाडीवर 'म्हादेई' झाली. त्यातून तयार झालेल्या हातांनी 'तारिणी' आणि 'थुरिया' बांधल्या. 'तारिणी'तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. अजिंठ्याच्या चित्रावर बेतलेली, काथ्याच्या दोरांनी शिवलेली 'कौंडिण्य' ही नौकाही गोव्यात बांधली गेली आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाली. असे काम जाणणारे कारागीर टिकतात ते मागणीवर. सर्जापूर रोडवरून निघणाऱ्या ग्राहकाने पहिली फेरी, कोणतीही रक्कम देण्यापूर्वी, फेरीबोटीने नदी ओलांडून कारखान्यापर्यंत करावी आणि अर्धी बांधलेली नौका दाखवा, अशी विनंती करावी. जो कारखानदार ती आनंदाने दाखवील, त्याच्याशी पुढचे बोलणे करण्यास हरकत नाही.