संगणकाची रोजकीर्द

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा संगणक कक्षातला प्रिंटर चालेना. प्रथम सत्राच्या गुणपत्रिका त्याच आठवड्यात पालकांच्या हाती द्यायच्या होत्या. वायर ठीक, शाई ठीक, कागद ठीक. बऱ्याच शोधाअंती दिसले की मुख्य संगणकाचा नेटवर्कवरील पत्ता कोणीतरी बदलला आहे आणि बाकीचे संगणक त्याला अजून जुन्याच पत्त्यावर शोधत आहेत. आम्ही पत्ता पूर्ववत केला. प्रिंटर सुरू झाला, पण इंटरनेट बंद पडले! दोन दिवस असे गेले. शेवटी तीन वर्गांच्या गुणपत्रिका शिक्षकांनी रात्री बसून हाताने लिहिल्या.

उलगडा तिसऱ्या दिवशी फोनवर झाला. कक्षाचे काम विनामोबदला पाहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यानेच तो बदल केला होता, आणि योग्य कारणाने. नव्या राउटरचा पत्ता आणि मुख्य संगणकाचा पत्ता एकच निघाला होता. बाकीच्या संगणकांना नवा पत्ता सांगायचे काम सुट्टीनंतर करू, असे त्याने मनात ठेवले होते. सुट्टीत त्याला पुण्याला नोकरी लागली आणि ते त्याच्या मनातच राहिले. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. लिहून ठेवायची सोय आम्हीच केली नव्हती.

खरे तर पांडेसऱ्यात राहणाऱ्यांना ही गोष्ट शिकवायला नको. आपले किती तरी पालक डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये आहेत. बॉयलरवरचा माणूस वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी रजिस्टरमध्ये लिहितो, ते वाचून पुढच्या पाळीचा माणूस काम हाती घेतो. आपल्या भाषेत अशा वहीला जुना शब्दही आहे : रोजकीर्द. व्यापारी ती ठेवत आणि पेशव्यांच्या दप्तरातही रोजकीर्दी आहेत. इंग्रजीत संगणकाच्या नोंदीला ‘लॉग’ म्हणतात. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. गाठी मारलेल्या दोरीला लाकूड बांधून ते समुद्रात टाकायचे आणि जहाजाचा वेग मोजायचा, तो आकडा ज्या वहीत लिहायचा ती लॉगबुक. ओंडका गेला, नाव राहिले.

आपल्या कक्षात लिनक्स आहे. ते स्वतःहून बरेच काही लिहून ठेवते. ‘सुडो’ या आज्ञेने कोणी व्यवस्थापकाचे अधिकार वापरले, तर कोणी, केव्हा आणि कोणती आज्ञा दिली याची नोंद होते. म्हणजे ‘काय केले’ हे आम्हाला त्या दोन दिवसांतही सापडले असते. शोधायचे कुठे ते ठाऊक नव्हते, ही आमची कबुली. पण ‘का केले’ आणि ‘काय करायचे राहिले’ हे यंत्र कुठून लिहिणार? ते माणसानेच सांगावे लागते.

त्यासाठीच ‘लॉगर’ नावाची छोटी आज्ञा आहे. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात युनिक्सची जी आवृत्ती तयार होत होती, तिच्यात १९८६ च्या सुमारास ती आली. यंत्राच्या नोंदी एका जागी गोळा करणारी ‘सिसलॉग’ ही व्यवस्था तेथेच एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या टपाल-प्रोग्रामसाठी रचली होती. लॉगर वापरणे अगदी सोपे आहे. काळ्या पडद्यावर इंग्रजी लिपीत ‘लॉगर’ लिहावे, मग वजाचे चिन्ह आणि ‘टी’ हे अक्षर, मग खुणेचा एखादा शब्द (आम्ही ‘शाळा’ ठरवला आहे) आणि शेवटी अवतरणचिन्हांत आपले वाक्य. एंटर दाबले की तारीख-वेळेसह ते वाक्य यंत्राच्या नोंदींमध्ये जाऊन बसते. पुढे ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेला तीच खूण सांगितली, की हजारो ओळींतून फक्त आपल्या ओळी समोर येतात. आमच्या मुली मराठी वाक्ये रोमन अक्षरांत लिहितात, कारण साध्या काळ्या पडद्यावर देवनागरी नीट उमटत नाही. वाचताना हसू येते, पण अर्थ पक्का लागतो.

नोंदीला महत्त्वाच्या आठ पायऱ्याही आहेत, शून्य म्हणजे आणीबाणी आणि सात म्हणजे बारीकसारीक तपशील. शाळेपुरता त्यांचा फारसा उपयोग नाही. मोठे काम असेल तेव्हा मात्र ‘स्क्रिप्ट’ ही १९७९ पासूनची आज्ञा उपयोगी पडते. ती सुरू केल्यावर पडद्यावर जे जे उमटेल ते सगळे, आपल्या चुकांसकट, फाइलमध्ये उतरते. ‘एक्झिट’ म्हटले की थांबते.

अडचणीही सांगायला हव्यात. जुन्या संगणकातले बटणाएवढे सेल संपले की घड्याळ भलतीच तारीख दाखवते, मग नोंदीची तारीखही भलतीच. आपल्या कक्षात असे दोन संगणक निघाले. दुसरे, जागा भरू नये म्हणून यंत्र जुन्या नोंदी कालांतराने आपोआप टाकून देते. तिसरे, नोंदीत पासवर्ड कधीही लिहू नये, ती इतरांनाही वाचता येते. आणि हार्ड डिस्कच गेली तर तिच्यावरची रोजकीर्दही गेलीच.

जानेवारीत प्रिंटर पुन्हा थांबला. नववीच्या एका विद्यार्थिनीने ‘शाळा’ खुणेच्या ओळी काढल्या. आदल्या दिवसाची ओळ होती : ‘तीन नंबरचा संगणक दुरुस्तीला दिला, त्याची केबल प्रिंटरला लावली होती ती काढली.’ केबल कपाटात सापडली. दहा मिनिटेही लागली नाहीत.

आता दर महिनाअखेर या ओळी छापून कार्यालयातील जाड रजिस्टरमध्ये चिकटवल्या जातात. दुरुस्तीचे बिल मंजुरीस येईल तेव्हा विश्वस्तांनी ते रजिस्टर मागून पाहावे, अशी आमची विनंती आहे. मिलमध्ये पाळीचे रजिस्टर लिहिणाऱ्या पालकांपैकी कोणी शनिवारी अर्धा तास येऊन, नोंदीत काय लिहावे आणि काय वगळावे हे मुलांना सांगितले, तर आम्हाला हवेच आहे. वेळ वर्गशिक्षकांकडे कळवावी.