१२० पाने आणि ती रंगवणारे हात

दशावतारी गंजिफा हा १२० गोल पानांचा खेळ. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने. तिघे बसले की प्रत्येकाच्या वाट्याला ४०. आता समजा, त्यातले एकच पान हरवले. ११९ पाने तिघांत सारखी वाटता येत नाहीत, पण खरी अडचण त्याहून मोठी आहे. या खेळात हुकुमाचा रंगच नसतो. कोणती पाने पडून गेली आणि आपल्या हातातले पान आता सर्वांत मोठे ठरते का, हे ज्याच्या ध्यानात राहते तो जिंकतो. त्यातही राजा-प्रधानांखालोखाल अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का! दिवसा खेळलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री कृष्णाचा. असा हिशेब एका पानाच्या अभावानेही कोसळतो.

मग नवे पान करून घ्यावे? ते हाताने रंगवलेले असते. त्याची पाठ इतरांहून किंचित वेगळी दिसली, तरी सगळ्यांना ते ओळखू येणार. म्हणजे डाव निर्दोष चालायचा तर तोच हात, तेच रंग, तीच लाख हवी. पाने रंगवणारा चितारीही या खेळातला एक भिडू असतो, फक्त तो डावाला बसत नाही.

हा भिडू उठून गेला तर काय होते, हे गंजिफा रंगवणाऱ्या कोकणातल्या सावंतवाडीने पाहिले आहे. गंजिफाचा उल्लेख बाबराच्या आठवणींत १५२७ च्या नोंदीत सापडतो, इतका हा खेळ जुना. पण पुढे छापील ५२ पत्त्यांचे स्वस्त जोड आले, आश्रय आटला, आणि चितारी दुसऱ्या कामांकडे वळले. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला वाचवायची ठरवली, तेव्हा ती जाणणारे वयोवृद्ध पुंडलिक चितारी तेवढे उरले होते. राजाराणी स्वतः त्यांच्याकडे शिकले आणि मग राजवाड्यात तरुण चित्रकार तयार झाले. जुना संच समोर ठेवला तर चित्र उतरवता येते. पण चिंचोक्याची खळ किती दाट करायची, पांढरा लेप किती घोटायचा, हे संच सांगत नाही. ते एका म्हाताऱ्या माणसाच्या बोटांत होते. मला या गोष्टीचे नवल संपत नाही.

असा पडद्यामागचा भिडू आजच्या खेळांतही असतो; आता सातासमुद्रापलीकडे पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने सुमारे १,१०० जणांची नोकरकपात जाहीर केली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा साहसकथांचा खेळ आणि ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ काढणाऱ्या तिच्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या शाखेतलेही लोक त्यात गेले. १९७४ साली जन्मलेल्या ‘डंजन्स’चे पन्नासावे वर्ष तोंडावर आले होते. दुसऱ्या दिवशी खेळाडूंच्या टेबलावर काहीच बदलले नाही. तीच पुस्तके, तेच फासे. फटका उशिरा बसतो. मॅजिकमध्ये वीस हजारांहून जास्त वेगवेगळी पाने आहेत. नवे पान काढताना ते जुन्यांशी कसे भिडेल, एखाद्या जुन्या पानावर अमुकच शब्द का घातला होता, हे आठवणारी माणसे लागतात. नियमावरून वाद झाला की अधिकृत उत्तर देणारा, खोक्यातली हरवलेली सोंगटी पाठवणारा, हेही लागतातच. १९९७ मध्ये ‘डंजन्स’ची मूळ प्रकाशनसंस्था टीएसआर कर्जात बुडाली, तेव्हा तिच्या ‘ड्रॅगन’ मासिकाचे अंक काही महिने निघालेच नाहीत.

एक गोष्ट मात्र दिलासा देते. त्याच वर्षी जानेवारीत ‘डंजन्स’च्या पायाभूत नियमांचा दस्तऐवज विझार्ड्सने सर्वांना वापरायला कायमचा मोकळा केला. त्यामुळे कामावरून काढलेला लेखकही त्याच नियमांवर स्वतःची नवी साहसे लिहून विकू शकतो.

आणि ज्या खेळाला प्रकाशकच नाही? वाशीम जिल्ह्यातल्या धनजसारख्या गावात अष्टाचंग मांडायला विटकरीचा तुकडा पुरतो. पाच बाय पाचची २५ घरे, चार कवड्या. चारही उताण्या पडल्या की चंग, चारही पालथ्या पडल्या की अष्टा. कवडी हरवली तर फोडलेला चिंचोका आहेच. इथे कपात करायला कोणी नोकरच नाही, म्हणून हा खेळ अजिंक्य वाटतो. तसा तो नाही. कोणते घर सुरक्षित, सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येते का, हे घराघरांत वेगळे असते आणि बहुधा कुठे लिहिलेले नसते. ते सांगणारी आजी हीच त्याची प्रकाशनसंस्था.

म्हणून तीन कामे जरूर करा. घरात जुनी गंजिफा असेल तर पाने मोजा, आणि सावंतवाडीला गेलात तर राजवाड्यात ती रंगवणाऱ्यांना भेटा. आणि आजीच्या अष्टाचंगचे नियम, तिच्याच शब्दांत, आजच वहीत उतरवून घ्या.