द्राक्षांसाठी नव्हे, पानांसाठी लावलेली द्राक्षवेल

ब्रिटनमधल्या अनेक बागांत द्राक्षवेल लावतात ती घडांसाठी नाही, पानांसाठी. त्यातली सर्वात रुबाबदार वेल म्हणजे ‘व्हिटिस कॉइनेशिए’. ती मूळची जपान-कोरियाकडची. तिचं एकेक पान ३० सेंटिमीटरपर्यंत रुंद होतं आणि थंडी सुरू होताना लालभडक दिसतं. पण ही वेल १५ मीटरपर्यंत चढते, त्यामुळे लहान अंगणात तिचा मोह टाळलेलाच बरा. तिथे जांभळ्या पानांची ‘पर्प्युरिया’ शोभते. तिला बारीक द्राक्षं लागतात, पण खायला मजा नाही.

या वेली भिंतीला चिकटत नाहीत. त्यांचे तणावे फक्त गुंडाळून धरतात, म्हणून तारा किंवा मांडव हवाच. (भिंतीला चिकटणारी व्हर्जिनिया क्रीपर ही त्यांची चुलतबहीण. तिच्या तणाव्यांच्या टोकांना चिकट गाद्या असतात.) मांडवाचा फायदा दुहेरी आहे: उन्हाळ्यात दाट सावली आणि हिवाळ्यात पानं गळाल्यावर खाली ऊन.

छाटणी ऐन हिवाळ्यातच करायची. वसंतात रस चढू लागल्यावर कापलं, तर जखमेतून पाणी टपकत राहतं.

महाराष्ट्रात हे सगळं जमेल का? मांडवाची सावली मिळेल, लाल पानांचा सोहळा मात्र अवघड. इथल्या थंडीत वेल पूर्ण झोपत नाही. म्हणूनच नाशिकचे बागायतदार एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास अशा दोन छाटण्या करतात आणि बहार त्यावरच ठरतो. घरच्या मांडवावरही कात्री लागणारच.