साथीच्या काळातील संघराज्यीय राजकारण आणि वृत्तपत्रीय मत : महाराष्ट्राचा अनुभव

प्रास्ताविक :

साथीच्या रोगाच्या काळात शासनाचे अधिकार वाढतात आणि त्याच प्रमाणात नागरिकाची माहितीची गरजही वाढते. संघराज्य पद्धतीत या गरजेला आणखी एक पदर असतो. घेतलेला निर्णय योग्य की अयोग्य हे ठरविण्यापूर्वी तो केंद्राचा, राज्याचा की जिल्हा प्रशासनाचा, हे नागरिकाला कळावे लागते. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ ची साथ महाराष्ट्रात आली तेव्हा केंद्रात भारतीय जनता पक्षाचे, तर राज्यात शिवसेना, राष्ट्रवादी काँग्रेस आणि काँग्रेस यांच्या महाविकास आघाडीचे शासन होते. त्यामुळे साथीसंबंधीची जवळजवळ प्रत्येक बातमी पक्षीय वादाची बातमी झाली. या वादात निर्णयाचा कर्ता वाचकाच्या दृष्टीआड कसा झाला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. हा तालुका महसुली दृष्टीने धुळे जिल्ह्यात, लोकसभेसाठी नंदुरबार मतदारसंघात आणि न्यायदानासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. येथील नागरिकाने जाब विचारावयाचा तो कोणाला, हा प्रश्न एरवीही सोपा नाही.

घटनात्मक चौकट :

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यसूचीत (नोंद ६) आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात संसर्गजन्य रोग पसरू न देणे हा विषय समवर्ती सूचीत (नोंद २९), तर आंतरराज्य स्थलांतर व आंतरराज्य विलगीकरण हा विषय संघसूचीत (नोंद ८१) आहे. कागदावर ही विभागणी स्पष्ट दिसते. प्रत्यक्षात २०२० मध्ये राज्याने १८९७ च्या साथरोग अधिनियमाचा आधार घेतला, तर केंद्राने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चा. जिल्हाधिकारी हे या दुसऱ्या कायद्यान्वये जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यामुळे दोन्ही कायद्यांचा अंमल शेवटी त्यांच्याच स्वाक्षरीने झाला. दुकाने किती वाजता बंद व्हावीत याचा आदेश वाचणाऱ्या व्यापाऱ्याला त्यामागे दिल्ली आहे की मुंबई, हे आदेशाच्या भाषेवरून उमगणे कठीणच होते.

१८९७ चा पूर्वानुभव :

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. जेमतेम चार कलमांच्या या कायद्याने शासनाला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यात रँड यांच्या नेतृत्वाखालील प्लेग समितीने सैनिकांकरवी घरांची झडती घेतली. संशयित रुग्ण हलविले गेले, सामानाची जाळपोळ झाली. त्या काळी निर्णयाचा कर्ता कोण हा प्रश्नच नव्हता. सत्ता एकच होती आणि ती परकी होती. प्रश्न होता तो तिच्याविषयी लिहिण्याचा.

२२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यापूर्वी आठवडाभर आधी ‘केसरी’त प्रसिद्ध झालेल्या मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हा इतिहास सर्वपरिचित आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचा त्याच वर्षीचा अनुभव मात्र तुलनेने कमी सांगितला जातो आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच अधिक उद्‌बोधक आहे. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सैनिकांच्या अत्याचारांविषयी माहिती दिली आणि दोन स्त्रियांच्या विटंबनेचा उल्लेख केला. मायदेशी परतल्यावर या आरोपाला पुरावा उभा करता आला नाही. माहिती कळविणाऱ्यांची नावे उघड करणे शक्य नव्हते. अखेर गोखले यांना जाहीर माफी मागावी लागली आणि त्याबद्दल स्वकीयांचीही टीका सोसावी लागली.

माहिती देणारा पुढे येण्यास भीत असेल तर खरी तक्रारही निराधार ठरते, ही या प्रसंगातील खरी अडचण आहे. गोखले यांच्या माफीची चर्चा पुढे बहुधा त्यांच्या मवाळपणाच्या अंगाने झाली. ती दडपणाखालील वृत्तसंकलनाच्या अंगाने व्हावयास हवी होती.

टाळेबंदी आणि वृत्तपत्रे :

२४ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. २९ मार्चच्या केंद्रीय आदेशाने राज्यांच्या व जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. खानदेशाच्या दृष्टीने हा आदेश विशेष परिणामकारक होता. सुरत आणि दक्षिण गुजरातशी येथील मजुरांचा रोजगाराचा जुना संबंध आहे आणि साक्री हे गाव सुरत–नागपूर महामार्गावरच वसलेले आहे. सीमा बंद करण्याचा निर्णय केंद्राचा असला तरी नाक्यावर अडविणारा पोलीस राज्याचा होता. अडलेल्या मजुराचा रोष साहजिकच समोरच्या पोलिसावर निघाला.

नेमक्या याच काळात छापील वृत्तपत्र वाचकापर्यंत पोहोचणे बंद झाले. वृत्तपत्रातून विषाणू घरात येतो ही भीती पसरली होती आणि मुंबईत मार्चअखेर वितरण थांबले होते. १८ एप्रिलच्या आदेशाने राज्य शासनाने घरोघरच्या वितरणास मनाई केली. औरंगाबाद खंडपीठाने या निर्णयाची स्वतःहून दखल घेतली. २१ एप्रिल रोजी शासनाने आदेशात बदल करून मुंबई व पुणे महानगर प्रदेश आणि प्रतिबंधित क्षेत्रे वगळता वितरणास मुभा दिली. मधल्या दिवसांत तालुक्याच्या वाचकाची भिस्त दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांवर राहिली. महानगरातील चर्चा दूरचित्रवाणीवर विपुल असते. आपल्या जिल्ह्यातील आदेश, खाटांची उपलब्धता, तालुक्यातील रुग्णसंख्या यांसाठी मात्र जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानाला पर्याय नाही.

माध्यमांवरील निर्बंधाचा प्रश्न न्यायालयांपुढेही आला. ३१ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राने मागितलेला पूर्वपडताळणीचा निर्बंध घातला नाही. माध्यमांनी घडामोडींविषयीची शासनाची अधिकृत बाजू प्रसिद्ध करावी असा निर्देश मात्र दिला. १४ एप्रिल रोजी वांद्रे येथे स्थलांतरित मजुरांचा जमाव जमला. त्यानंतर रेल्वेगाड्यांविषयीच्या बातमीवरून एका मराठी वाहिनीच्या वार्ताहरास अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. माध्यमे मात्र सर्वत्र पीडितच होती असे म्हणता येणार नाही. तबलिगी जमातीशी संबंधित प्रकरणी २१ ऑगस्ट २०२० रोजी औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांच्याविरुद्ध माध्यमांतून मोठा अपप्रचार झाल्याचे निकालपत्रात नोंदविले. ही नोंद वृत्तव्यवसायाने जितकी मनावर घ्यावयास हवी होती, तितकी घेतलेली दिसत नाही.

परीक्षा आणि लस :

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हा संघर्ष सर्वांत जवळून अनुभवावा लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० रोजी अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घेण्यास सांगितले. राज्याने त्यापूर्वीच परीक्षा न घेण्याची भूमिका घेतली होती आणि कुलपती या नात्याने राज्यपालांचे मत तिच्याविरुद्ध होते. २८ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. आपत्तीच्या कारणास्तव राज्य परीक्षा पुढे ढकलू शकते, मात्र परीक्षेविना पदवी देऊ शकत नाही. तोवर विद्यार्थ्यांनी जे वाचले ते बहुतांशी मंत्र्यांचे आणि राज्यपालांचे उद्‌गार होते. पश्चिम साक्रीच्या पाड्यांवर, जेथे भ्रमणध्वनीला संपर्कच नीट मिळत नाही, तेथील विद्यार्थ्याला परीक्षा होणार की नाही यापेक्षा कोणाचा शब्द अखेरचा हे समजणे अधिक निकडीचे होते.

लसीच्या बाबतीत हा गोंधळ कळसास पोहोचला. एप्रिल २०२१ च्या प्रारंभी राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी जेमतेम तीन दिवसांचा साठा उरल्याचे सांगितले, तर केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी राज्यावर बेजबाबदारपणाचा ठपका ठेवला. दोन्ही विधाने ठळक अक्षरांत छापली गेली. १ मे पासून उत्पादनाचा निम्मा वाटा केंद्राला आणि उरलेला राज्ये व खाजगी रुग्णालये यांना, अशी नवी व्यवस्था आली. १२ मे रोजी राज्याने १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण तात्पुरते थांबविले. ३१ मे च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या वयोगटासाठीचे केंद्राचे धोरण सकृद्दर्शनी मनमानी व अतार्किक ठरविले आणि २१ जूनपासून खरेदी पुन्हा केंद्राकडे गेली. केंद्रावरून रिकाम्या हाताने परतलेल्या तरुणाचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा, याचे उत्तर दोन महिन्यांत तीनदा बदलले.

तुलनेसाठी कॅनडाचे उदाहरण घेता येईल. तेथेही १८६७ च्या संविधान कायद्यानुसार विलगीकरण संघशासनाकडे आणि रुग्णालये प्रांतांकडे आहेत. २०२१ च्या प्रारंभी लसींचा पुरवठा अपुरा पडला तेव्हा प्रांतांच्या प्रमुखांनी ओटावावर कडक टीका केली. तथापि खरेदी संघशासनाची आणि टोचणी प्रांतांची, ही विभागणी आरंभापासून ठरलेली होती. टीकेची दिशा त्यामुळे चुकण्याचे कारण नव्हते. तेथील व्यवस्था निर्दोष होती असा याचा अर्थ नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वाहनचालकांच्या आंदोलनाविरुद्ध आणीबाणी कायदा प्रथमच वापरला गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने तो वापर असमर्थनीय ठरविला.

तक्रार करण्याचे स्वातंत्र्य :

३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक बाब स्पष्ट केली. प्राणवायू, औषधे वा खाटा यांच्या टंचाईविषयी समाजमाध्यमांवर तक्रार करणाऱ्या नागरिकावर कारवाई झाल्यास तो न्यायालयाचा अवमान मानला जाईल. १८९७ मध्ये गोखले यांना पत्रे लिहिणाऱ्या पुणेकरांना असे कोणतेही संरक्षण नव्हते. मात्र हे संरक्षण न्यायालयाच्या आदेशातून आलेले आहे, साथरोग अधिनियमातून नव्हे. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सादर केलेल्या २८६ व्या अहवालात या जुन्या कायद्यात व्यापक दुरुस्ती करावी किंवा नवा कायदा करावा, आणि केंद्र, राज्य व स्थानिक संस्था यांच्या जबाबदाऱ्या त्यात स्वतंत्रपणे निश्चित कराव्यात, अशी शिफारस केली आहे.