डाया

डाया : प्रवाह आकृत्या, विद्युत् मंडले, संगणक-जाळ्यांचे आराखडे, आज्ञावल्यांच्या अंतर्गत रचनेच्या आकृत्या इ. संगणकाच्या पडद्यावर काढण्यासाठी तयार करण्यात आलेली एक मुक्तस्रोत आज्ञावली. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला वाचनीय मजकूर, कोणालाही वाचता, बदलता व बदललेल्या स्वरूपात इतरांना देता येतो तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. डाया ही जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली वितरित होते. या परवान्यानुसार बदललेली प्रत दुसऱ्यास देणाऱ्याने तिची मूळ संहिताही त्याच अटींवर उपलब्ध करून द्यावी लागते. परंतु परवान्याने केवळ हक्क मिळतो. तो हक्क सामान्य वापरकर्त्याला प्रत्यक्षात बजावता येईल की नाही, हे आज्ञावलीच्या अंतर्गत बांधणीवर अवलंबून असते. डायाची बांधणी अभ्यासनीय ठरते ती मुख्यत्वे या दृष्टीने.

चित्र व आकृती यांत एक मूलभूत फरक आहे. चित्रकलेच्या आज्ञावलीत चौकट व तिला टेकलेली रेषा या एकमेकींशी असंबद्ध खुणा असतात. चौकट सरकवली, तर रेषा जागेवरच राहते. आकृतीत मात्र रेषा चौकटीला ‘जोडलेली’ असते आणि ही जोडणी हाच आकृतीचा आशय असतो. यासाठी डायामधील प्रत्येक घटकाला दोन प्रकारचे बिंदू दिलेले असतात. माउसने धरून घटकाचा आकार किंवा स्थान बदलण्यासाठी पकडबिंदू, तर दुसऱ्या घटकाचे पकडबिंदू चिकटावेत यासाठी जोडबिंदू. रेषेचे टोक जोडबिंदूवर आणून सोडले की दोहोंचा संबंध नोंदवला जातो आणि पुढे चौकट हलवली की रेषा आपोआप ताणली अथवा आखडली जाते. मांडणी मात्र काढणाऱ्यानेच करावयाची असते. कोणता घटक कोणत्या घटकाला जोडलेला आहे एवढेच मजकुरात सांगितल्यावर सर्व मांडणी स्वतः ठरविणाऱ्या ग्राफव्हिझसारख्या आज्ञावल्यांहून डाया या बाबतीत भिन्न आहे.

इतिहास : स्वीडिश प्रोग्रॅमर आलेक्सांडर लार्सन यांनी १९९८ मध्ये डायाच्या लेखनास प्रारंभ केला. त्या काळी या क्षेत्रात विझिओ या व्यापारी आज्ञावलीचे वर्चस्व होते. ती १९९२ पासून बाजारात होती आणि २००० मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीकडे गेली. लिनक्स प्रणालीवर मात्र तशी सोय नव्हती. ‘एक्सफिग’ ही जुनी आज्ञावली होती, पण तिच्यात वर सांगितलेल्या जोडणीची कल्पना नव्हती. डायाची संहिता सी भाषेत असून खिडक्या, बटणे, याद्या इ. पडद्यावरील सामग्रीसाठी ती जीटीके या संचाचा आधार घेते. हा संच मुळात गिंप या चित्रसंपादकासाठी लिहिला गेला होता. ग्नोम प्रकल्पाच्या परिवारात वाढलेल्या या आज्ञावलीचा भार पुढे जेम्स हेन्स्ट्रिज, लार्स क्लाउसन, हान्स ब्रॉयर प्रभृतींनी वाहिला. विंडोज प्रणालीवरही ती चालू लागली. २००९ मध्ये तिची ०.९७ ही आवृत्ती निघाली. तिच्यावरील किरकोळ दुरुस्त्यांच्या आवृत्त्या २०१४ पर्यंत निघत राहिल्या. त्यानंतर अनेक वर्षे नवी स्थिर आवृत्ती आली नाही, मात्र संहितेवरील काम थांबले नव्हते. पंधरा-सोळा वर्षांत आवृत्तीचा आकडा एकपर्यंतही पोचला नाही, यावरून आज्ञावली अपुरी होती असे मात्र समजू नये. मुक्तस्रोत कर्त्यांमध्ये आवृत्तीचे आकडे देण्याबाबत असा संकोच पुष्कळदा आढळतो.

अंतर्गत रचना : डायाच्या गाभ्याला चौकट, वर्तुळ अथवा रोहित्र म्हणजे काय हे माहीत नसते. त्याला केवळ ‘घटक’ माहीत असतो. घटकाचा प्रत्येक प्रकार आपल्यासोबत कार्यांची एक ठरावीक यादी आणतो : स्वतःला काढणे, सरकवणे, पकडबिंदू हलल्यास नवा आकार घेणे, स्वतःची प्रत करणे, फाइलीत साठवणे व तीतून परत वाचणे. यांपैकी एक कार्य वरवर पाहता अनपेक्षित वाटेल. ते म्हणजे, दिलेल्या बिंदूपासून आपले अंतर किती ते सांगणे. वापरकर्त्याने माउसची कळ दाबली की गाभा घटकांना हा एकच प्रश्न विचारतो आणि ठरावीक मर्यादेच्या आत असलेला घटक निवडतो. भरीव चौकट आतील बिंदूसाठी शून्य हे उत्तर देते, तर वक्ररेषा आपल्या वळणांचा हिशेब करून उत्तर देते. तो हिशेब कसा केला याच्याशी गाभ्याला कर्तव्य नसते. त्यामुळे गाभ्यातील एकही ओळ न बदलता घटकाचा नवा प्रकार आज्ञावलीत घालता येतो. आज्ञावली सुरू होताना ती ठरावीक कप्प्यांतील जोडघटक शोधून त्यांची नोंद करते.

रेखनाच्या बाबतीतही हेच तत्त्व पाळलेले आहे. घटक स्वतःला काढतो तेव्हा तो थेट पडद्यावर काढत नाही. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा’, ‘ही बहुभुजाकृती भरा’, ‘येथे हा मजकूर’ अशा सूचना तो ‘रेखक’ नावाच्या मध्यस्थाला देतो. पडद्यासाठी एक रेखक, पोस्टस्क्रिप्टसाठी दुसरा, एसव्हीजी या सदिश-चित्रांच्या प्रकारासाठी तिसरा, यंत्ररेखनातील डीएक्सएफसाठी आणखी एक, अशी व्यवस्था असते. समजा, घटकांचे चाळीस प्रकार आहेत आणि आकृती दहा प्रकारच्या फाइलींत पाठवता यावयास हवी. मध्यस्थ नसता, तर चारशे वेगवेगळे तुकडे लिहावे लागले असते. मध्यस्थामुळे पन्नासांवर भागते. शिवाय नव्या रेखकाच्या लेखकाने सर्वच सूचनांची पूर्तता केली पाहिजे असेही नाही. त्याने वक्ररेषेची सूचना हाताळली नाही, तर मूळ रेखक तिचे लहान सरळ रेषांत विभाजन करून देतो. प्रारंभी केवळ सरळ रेषा, बहुभुजाकृती व मजकूर यांवर काम चालवून पुढे गुणवत्ता वाढवत नेता येते. नवख्या सहकाऱ्याला प्रवेश सुकर करणारी ही सोय आहे.

चिन्हवर्णन : तरीही सी भाषेत घटक लिहिणे हे काम प्रोग्रॅमरचेच. नळजोडणीचे, विद्युत् मंडलाचे किंवा रंगमंचावरील दिव्यांचे चिन्ह हवे असणारा मनुष्य बहुधा प्रोग्रॅमर नसतो. डायाने त्याच्यासाठी ठेवलेला मार्ग हा या आज्ञावलीतील सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल. नवे चिन्ह एक्सएमएल पद्धतीच्या एका छोट्या मजकूर-फाइलीत लिहिता येते आणि त्यासाठी संकलकाची किंवा मूळ संहितेची गरज लागत नाही.

उदाहरणार्थ, नळमार्गाच्या आकृतीत झडप दाखविण्यासाठी टोकाला टोक लावून आडवे ठेवलेले दोन त्रिकोण काढतात. हे चिन्ह डायामध्ये आणण्यासाठी फाइलीत प्रथम त्याचे नाव व यादीत दिसावयाच्या लघुचित्राचे नाव द्यावयाचे. मग जोडबिंदू सांगावयाचे : डावीकडे (०, २) व उजवीकडे (८, २). त्यानंतर एसव्हीजीच्या मर्यादित भाषेत दोन बहुभुजाकृती : पहिली (०, ०), (०, ४), (४, २) या शिरोबिंदूंची आणि दुसरी (८, ०), (८, ४), (४, २) यांची. मापे कोणतीही घेतली तरी चालतात. वापरकर्ता चिन्ह जेवढे ओढेल त्या प्रमाणात ती बदलतात. रुंदी व उंची यांचे प्रमाण कायम राहावे, मोकळे असावे की दोन मर्यादांमध्ये असावे, हेही एका ओळीत सांगता येते. झडपेसाठी ते कायम ठेवणे इष्ट, कारण ताणलेली झडप ओळखू येत नाही. रंग निश्चित न लिहिता ‘पुढील रंग’ व ‘मागील रंग’ एवढेच लिहिले, तर वापरकर्त्याने निवडलेले रंग चिन्हाला लागू होतात. रेषेची जाडीही अशीच सापेक्ष असते. ही फाइल व चिन्हांची यादी असलेली दुसरी एक फाइल वापरकर्त्याच्या स्वतःच्या कप्प्यात ठेवली की आज्ञावली पुन्हा सुरू करताच झडप यादीत दिसू लागते. डायासोबत येणारी चिन्हे पुष्कळ अंशी अशाच फाइलींतून येतात.

या पद्धतीत एक दोष आहे व तो वापरापूर्वीच माहीत असणे हिताचे ठरते. आकृतीच्या फाइलीत चिन्हाची रेखाकृती साठवली जात नाही. साठवले जाते ते चिन्हाचे नाव, स्थान व आकारमान. त्यामुळे झडप असलेली आकृती ज्या संगणकावर झडपेची फाइल नाही तेथे उघडली, तर झडपेचा प्रकार सापडत नाही आणि आकृती अपुरी राहते. आकृती दुसऱ्याकडे पाठवताना स्वतः केलेली चिन्हे सोबत पाठवणे म्हणूनच अगत्याचे असते. कायमच्या जतनासाठी एसव्हीजी अथवा पीडीएफ स्वरूपातील एक प्रतही ठेवावी. चिन्हाचे नाव एकदा वापरात आल्यावर बदलू नये, याचेही कारण हेच. सी भाषेतील घटकांच्या बाबतीत ही काळजी निराळ्या रीतीने घेतली जाते. प्रत्येक घटकासोबत त्याच्या प्रकाराचा आवृत्ती-क्रमांक साठवलेला असतो आणि पुढे प्रकारात नवे गुणधर्म वाढले, तरी जुन्या क्रमांकाची आकृती कशी वाचावयाची हे ठरविता येते.

बाहेरून विस्तार : डायाच्या फाइलीचे स्वरूपही एक्सएमएल असते. सामान्यतः ती दाबून लहान केलेली असते, पण हे दाबणे वैकल्पिक आहे. न दाबलेली फाइल साध्या मजकूर-संपादकात वाचता येते. फाइलीचे स्वरूप असे उघड असल्यामुळे डायाला हात न लावता तिच्याभोवती इतर आज्ञावल्या तयार झाल्या. डाया-टू-कोड ही आज्ञावली वर्गांच्या आकृतीवरून सी++, जाव्हा इ. भाषांतील संहितेचा सांगाडा लिहून देते. ऑटोडाया नेमके उलट काम करते : अस्तित्वात असलेली संहिता वाचून ती आकृती बनवते. डायाच्या आतच चालणाऱ्या पायथन भाषेची जोडही उपलब्ध आहे. तिच्या साहाय्याने चालू आकृतीतील घटकांचे गुणधर्म वाचणे, नवे घटक निर्माण करणे किंवा एखादा नवा निर्गम-प्रकार लिहिणे थोड्या ओळींत साधते.

देवनागरी मजकुराच्या दृष्टीने एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. डायात अक्षरे पडद्यावर मांडण्याचे काम पँगो हा संच करतो. ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी दाखविणे, जोडाक्षरे जुळविणे, रफार योग्य अक्षरावर नेणे ही कामे त्याच्याकडे असल्यामुळे आकृतीत मराठी मजकूर व्यवस्थित उमटतो. मात्र निर्गमाच्या ज्या प्रकारांत मजकूर पँगोकडे न देता केवळ वर्णांची ओळ म्हणून पाठवला जातो, त्यांत अक्षरांची जुळणी सर्वस्वी दुसऱ्या टोकाच्या आज्ञावलीवर अवलंबून राहते. मराठी मजकूर असलेली आकृती छपाईस देण्यापूर्वी निर्गमित फाइल उघडून पाहावी. ‘क्ती’, ‘र्थि’ यांसारखी अक्षरे तपासली म्हणजे सहसा पुरते.

निगा : मुक्तस्रोत आज्ञावलीत भर घालणारे बरेच मिळतात, निगा राखणारे थोडे. घटकाचा नवा प्रकार लिहिणाऱ्याची गरज त्या प्रकाराबरोबर भागते आणि तो दुसरीकडे वळतो. त्याने लिहिलेली संहिता मात्र आज्ञावलीत राहते आणि खालचे संच बदलले की ती कोणीतरी बदलावी लागते. जीटीकेची दुसरी मालिका २००२ मध्ये, तिसरी २०११ मध्ये व चौथी २०२० मध्ये आली आणि चौथीबरोबरच दुसरीची देखभाल संपुष्टात आली. दुसऱ्या मालिकेवर उभ्या असलेल्या डायासारख्या आज्ञावल्यांना यामुळे गुणधर्मांच्या खिडक्यांपासून पडद्यावरील रेखनापर्यंत फेरलेखन करणे भाग पडले. पायथन २ या भाषेचा आधार १ जानेवारी २०२० रोजी थांबला, तेव्हा पायथनची जोड पायथन ३ साठी बदलावी लागली. या कामांनी वापरकर्त्याला नवे असे काही मिळत नाही. म्हणूनच त्यांना हात लागण्यास विलंब होतो व दोन आवृत्त्यांमधील अंतर वाढते.

अशा फेरबदलांत काही मोडले आहे काय, हे पाहण्यासाठी डायाच्या संहितेसोबत चाचणी-आज्ञावल्या ठेवलेल्या आहेत. त्यांतील एक, नोंद झालेल्या घटकांचे प्रकार एकामागून एक घेते, त्यांचे नमुने निर्माण करते, त्यांची प्रत काढते, त्यांना सरकवते आणि पकडबिंदू व सीमाचौकट अपेक्षित जागी आहेत की नाहीत ते तपासते. नवा घटक गाभ्याच्या नियमांनुसार लिहिलेला असेल, तर त्याच्यासाठी वेगळी चाचणी न लिहिताही ही तपासणी त्याला लागू होते. चिन्हवर्णनाच्या फाइलींत संहिताच नसल्यामुळे जीटीके व पायथन यांच्या या स्थित्यंतरांची झळ त्यांना पोचली नाही. झडपेची वर दिलेली फाइल या काळात एकदाही पुन्हा लिहावी लागली नसती.