दहा जणांमागे एक शिकविणारा

२०२० सालच्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीने जगभरच्या विद्यापीठांची दारे एकामागून एक बंद झाली. इतिहासाचे अध्यापक घरी बसून बोलू लागले, विद्यार्थी घरी बसून ऐकू लागले. कसे का होईना, काम चालू राहिले. मग संगणकशास्त्राचे काय झाले? कुणी म्हणेल, त्यांना कसली अडचण, त्यांचे तर सारे काम यंत्रावरच! पण अडचण होती, आणि तीही मोठी. ती कोणती, आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने तीवर काय तोड काढली, ते आज पाहू या.

संगणकाकडून काम करून घ्यावयाचे म्हणजे त्याला ओळीने आज्ञा लिहून द्यावयाच्या. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात नवशिक्यांना आधी पडद्यावरच्या एका यंत्रमानवाची ओळख करून देतात. त्याचे नाव कारेल. 'रोबो' हा शब्द ज्यांच्या नाटकातून जगभर गेला, त्या कारेल चापेक या चेक लेखकाचे नाव त्याला दिलेले आहे. या कारेलला मोजक्याच आज्ञा कळतात : एक घर पुढे जा, डावीकडे वळ, खूण उचल, खूण ठेव. उजवीकडे वळणे त्याला ठाऊकच नाही! मग त्याला उजवीकडे न्यावयाचे कसे? तीनदा डावीकडे वळवायचे. तीनऐवजी चुकून दोनदा लिहिले, तर तो आल्या वाटेला तोंड करून उभा राहतो, आणि पुढच्या साऱ्या आज्ञा बरोबर असूनही काम फसते.

प्रयोगशाळेत अशा वेळी कुणीतरी मागून डोकावतो आणि म्हणतो, "अरे, वळणे मोजून पाहा की!" तेवढ्याने गाडी चालू होते. घरी एकट्या बसलेल्या पोराला हे कोण सांगणार? तो तासभर पडद्याकडे पाहतो आणि शेवटी ठरवितो, की हे काही आपल्याला जमायचे नाही. व्याख्यान एकदा मुद्रित केले की ते हजारांना ऐकविता येते; पण चुकीवर बोट ठेवणारा माणूस असा हजारांना वाटता येत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव घालणारे पुष्कळ आणि टिकणारे थोडे, हा अनुभव साथीच्या आधीपासूनचाच होता.

स्टॅनफर्डचे ख्रिस पीच आणि मेहरान सहामी या दोघा अध्यापकांनी नेमकी हीच गाठ सोडविली. २०२० च्या वसंतात त्यांनी आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या संगणक-अभ्यासक्रमाचा पूर्वार्ध 'कोड इन प्लेस' या नावाने जगाला विनामूल्य खुला केला. शिकणारे होते १०,००० हून अधिक. पण त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर शिकविणारेही बोलाविले! सुमारे ९०० जण स्वयंसेवक म्हणून पुढे आले. कुणी स्टॅनफर्डचे आजी-माजी विद्यार्थी, तर कुणी जगभरचे जाणकार. प्रत्येकाकडे साधारण दहा जण सोपविले. व्याख्यान सर्वांना एकच. पण आठवड्याला आपल्या दहा जणांना भेटावयाचे, त्यांचे अडलेले सोडवावयाचे, हे काम त्या स्वयंसेवकाचे. हा उपक्रम २०२१ मध्ये आणि त्यानंतरही पुन्हा झाला.

कल्पना काही अगदीच नवी नव्हे. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मोठी मुले धाकट्यांना गिरवायला बसवीत. अँड्र्यू बेल या इंग्रज राजवटीतल्या पाद्र्याने मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत हीच रीत चालविली आणि १७९७ साली तिच्यावर पुस्तक लिहिले; पुढे ती इंग्लंडभर पसरली. नवे इतकेच, की आता धाकटा एका खंडात आणि मोठा दुसऱ्या खंडात होता.

याला मर्यादाही आहेत, हे विसरून चालणार नाही. ज्याच्याजवळ संगणक, इंटरनेट आणि इंग्रजी, त्यालाच त्या वर्गाचे दार उघडे. आपल्या खेड्यात घरात मोबाईल एकच, तोही सकाळी वडिलांच्या खिशातून शेतावर जाणार. अशा मुलाला जगातले उत्तम व्याख्यानही काय कामाचे? साथीने ही दरी निर्माण केली नाही, ती उघडी केली.

पण दहा जणांमागे एक शिकविणारा, हा भाग शिक्षक बंधुभगिनींना उचलता येण्याजोगा आहे. त्याला यंत्रही लागत नाही. शाळेच्या अंगणात खडूने चौकटी आखा. चार खडे ठेवा. एका मुलाला कारेल करा. त्याला फक्त पुढे जाणे, डावीकडे वळणे, खडा उचलणे आणि ठेवणे एवढेच माहीत. दुसऱ्याने आज्ञा पाटीवर लिहून द्यावयाच्या, तोंडाने काही सांगावयाचे नाही. आणि प्रत्येक टोळीवर वरच्या वर्गातला एक मुलगा किंवा मुलगी नेमा. त्यांना एकच ताकीद द्या : उत्तर सांगू नका, चूक कुठल्या ओळीत आहे तेवढे शोधायला लावा.